फोटोत झाडू नको

२ फेब्रुवारी, सोमवार

आज पालिकेत प्रशिक्षण झालं. शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. गोड बोलत होत्या आणि दिवसभर बसवून ठेवलं. शेवटी सगळ्या मुकादमांना एकेक डायरी दिली आणि म्हणाल्या, रोज मनातलं लिहा, कुणी वाचणार नाही, मोकळं वाटेल. मी विचारलं, कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला? सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि पुढच्याला डायरी द्यायला वळल्या.

मी चौथी शिकलेली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिते आहे, कारण आज जे ऐकलं ते घरी सांगून यांना घाबरवायचं नाही, आणि पोटात ठेवलं तर मला झोप लागणार नाही.

स्वच्छता विभागाला नवीन साहेब आलेत. वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. सकाळी त्यांनीच नियम सांगितला. रोज झाडून झालं की प्रत्येक मुकादमाने आपल्या गल्ल्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे. साहेब फोटो बघून गुण देणार. नागरिकाची तक्रार आली की गुण कमी. तक्रार मिटेपर्यंत रोज कमी. महिनाअखेरीला ज्या दोन टोळ्या तळाला असतील त्या ठेकेदाराच्या हवाली, आणि त्यांच्या मुकादमाच्या हातात पुन्हा झाडू.

माझ्या टोळीत सहा बायका. मला मुकादमकी मिळाली तीही प्रभारी. म्हणजे खुर्ची दिली, पण टेकू नका.

आणि शेवटी साहेब म्हणाले, "अडचणी घेऊन माझ्याकडे येऊ नका. उपाय घेऊन या."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येईपर्यंत मान दुखत होती.

५ फेब्रुवारी

फोन टिंग वाजला की छातीत धस्स होतं. तीन दिवसांत ही गत.

आज आमच्या दवाखान्यामागच्या गल्लीच्या फोटोवर साहेबांनी लाल गोल काढून पाठवला. खाली लिहिलं, "कचरा दिसतो आहे." फोन डोळ्याशी धरून पाहिलं. कचरा कुठला, तो आमचा झाडू!

त्या गल्लीत गटाराच्या चेंबरचं झाकण ट्रकखाली फुटलं आहे. अर्धं आत पडलं, उरलेलं अर्धं नावाला. माणूस सहज आत जाईल एवढं भगदाड. आमच्यात रीत आहे, झाकण फुटलं की झिजलेला झाडू त्यात उभा खोचायचा आणि दांड्याला चिंधी बांधायची. मी कामाला लागले तेव्हापासून बघते आहे. त्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा झाडू दिसला की वळसा घालून जातं.

तशीच कारकुनाकडे गेले. म्हटलं, साहेबांना सांगा, तो कचरा नाही, खूण आहे. आणि झाकणाची तक्रार लिहून घ्या.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, झाकण ड्रेनेज खात्याचं. त्यांना वेळ मिळेल तेव्हा ते बसवणार. तोवर तक्रार तुमच्या भागावर उघडी राहणार. रोज गुण जाणार. लिहू का?"

"म्हणजे मी सांगितलं म्हणून माझेच गुण कापणार?"

"मी नियम केलाय का?"

"मग करू काय?"

"फोटोत झाडू नको. एवढंच सांगतो. मी काही बोललो नाही."

न बोलता इतकं सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

लिहू नका म्हटलं. बायकांना सांगितलं, फोटोपुरता झाडू काढायचा, फोटो झाला की परत खोचायचा. कोणी काही बोललं नाही. माझ्या टोळीचं हे बरं आहे, उगाच फाटे फोडत नाहीत.

१० फेब्रुवारी

गुण वाढले. आपण आता मधल्या टोळ्यांत आहोत. बायकांना सांगितलं तर चांगल्या हसल्या.

फक्त ती चष्मेवाली. तिशीची असेल, आई निवृत्त झाल्यावर तिच्या जागेवर लागलेली, तोंडातून शब्द फुटत नाही. दवाखान्याची गल्ली आणि तिच्या पुढची गल्ली, दोन्ही तिच्याकडे. पहिली आरशासारखी लखलखीत, आणि दुसरीला हातच लावत नाही वेळेत. दोन दिवस बघते आहे, फोटो झाला तरी बाईसाहेब दवाखान्यापाशीच झाडू टेकून उभ्या. मी लांबूनच ओरडले, "अगं, पुतळा बसवायचाय का तुझा तिथं?"

ती जवळ आली. "बाई, एक सांगायचं होतं..."

"आधी पुढची गल्ली. मग काय ते गाणं गा."

गेली. मग दिवसभर काही सांगायला आली नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणारच. सुट्टी हवी असेल.

मी तोंडावर बोलते. बायकांना ते आवडतं. मागून गोड गोड बोलणारे मुकादम आम्ही पुष्कळ पाहिलेत.

१३ फेब्रुवारी

साहेब आता स्वतः फिरणार. कधी, कुठे, काही सांगणार नाहीत. सकाळी ग्रुपवर आलं. आपण फोटोपुरता झाडू काढतो, पण साहेब स्वतः येऊन उभे राहिले तर? तो खोचलेला झाडू दिसणार. लाल गोल काढायला फोनही लागणार नाही.

बरं, झाडू काढून ठेवावा तर भगदाड उघडं.

आमचे हे शिवणकाम करतात. कापड बेतायची त्यांची जुनी फळी माळ्यावर होती. मी खाली काढली. हे मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "कशाला?"

"कामाला."

"झाडायला फळी लागते हल्ली?"

"तुम्ही बटणं लावा."

फळी नेऊन चेंबरवर टाकली. बरोबर बसली. वर माती पसरली, पाण्याचा हात मारला, झाडून सपाट केली. रस्ता आणि फळी ओळखू येईना. मी स्वतः वर उभी राहिले. एकदा नाही, दोनदा. जरा करकरली, पण धरली.

मावशींना, म्हणजे टोळीतल्या सगळ्यात वडील बाईंना, विचारलं, "कसं दिसतंय?"

मावशी म्हणाल्या, "दिसत नाही."

"तेच तर पाहिजे!"

त्यांनी पदर खोचला आणि झाडू उचलला. मला वाटतं त्यांना आवडलं.

तरी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. उभी मी राहिले होते, मान्य. पण मी जपून उभी राहिले होते. ज्याला माहीतच नाही तो कसा जपेल?

१६ फेब्रुवारी

आज मी तिथून जात होते. समोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत दवाखान्यातून निघाले. बरोबर फळीवरून. काठीचा ठक ठक आवाज येत होता, फळीवर आल्यावर तो बदलला. पोकळ झाला. त्यांना कळलं नाही. मला कळलं.

गेले पलीकडे. फळीने धरलं.

नंतर बराच वेळ मी भिंतीला टेकून उभी होते. चष्मेवाली माझ्याकडे बघत होती. मी तिलाच ओरडले, "काय बघतेस, काम कर." आता लिहिताना वाटतंय की ओरडायला नको होतं. पण काही तरी ओरडायलाच हवं होतं मला.

१८ फेब्रुवारी

उद्या तक्रार लिहून टाकते. जाऊ देत गुण.

१९ फेब्रुवारी

नाही लिहिली. सकाळी गुण लागले, आपण तळापासून तिसऱ्या. म्हणजे काठावर. आता तक्रार उघडली की सरळ खाली. सहा बायकांची नोकरी माझ्या एका वाक्यावर. महिना संपला की पहिल्याच दिवशी लिहीन, असं ठरवलं आहे. थोडेच दिवस राहिलेत.

तळाला येण्याचं कारण चष्मेवाली. तिच्या दुसऱ्या गल्लीचा फोटो उशिरा गेला. सगळ्यांसमोर तिची हजेरी घेतली. "तुझ्या एकटीमुळे या पाचजणी घरी बसणार. काय समजतेस काय स्वतःला?"

तिचे डोळे भरले. "बाई, ती फळी..."

"फळीचं नाव काढू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की दवाखान्याच्या खिडकीतून नर्स डोकावली. फळीचं नाव असं रस्त्यात घेतात का? कुणी ऐकलं तर?

बाकीच्या खाली बघून झाडत होत्या. एकीनेही तिची बाजू घेतली नाही. म्हणजे माझंच बरोबर असणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

देवा.

सकाळी मी हजेरी शेडमध्ये होते. मावशी पळत आल्या. त्यांचे गुडघे गेलेत, त्या कधी पळत नाहीत. त्यांना पळताना पाहिलं आणि मला कळलं. त्यांनी काही सांगायच्या आत कळलं.

फळी मोडली. चष्मेवाली आत पडली.

मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या माणसांनी दोरी टाकून तिला वर काढलं होतं. रस्त्यावर झोपवलं होतं. सगळं अंग काळं, गटारातलं. चष्मा नव्हता, म्हणून आधी मी ओळखलंच नाही. मला वाटलं दुसरंच कुणीतरी आहे, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग तिने डोळे उघडले.

पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

बायकांना विचारलं, कशी पडली? एक म्हणाली, दवाखान्यातून एक बाई पोराला कडेवर घेऊन घाईघाईत निघाली. सरळ फळीकडेच. चष्मेवालीने धावत जाऊन तिला मागे ढकललं. त्या झोकात तिचाच पाय फळीवर पडला.

"दवाखान्याचं धुण्याचं पाणी गल्लीतून वाहतं ना, बाई. फळी फुगली होती. पापुद्रे सुटले होते."

"कुणाला माहीत होतं?"

दोघींनी मावशींकडे बघितलं.

"ती तिथं काय करत होती? फोटो तर झाला होता."

मावशी म्हणाल्या, "झाडू काढघाल करून ढिला झाला होता, तेव्हापासून ती रोज तिथंच असायची. दवाखान्याची गर्दी ओसरेपर्यंत. लोकांना कडेकडेने काढायची."

मग मला कोणी सांगितलं का नाही? मी विचारलं. मोठ्याने विचारलं. सगळ्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

२४ फेब्रुवारी

रुग्णालयात जाऊन आले. पाय दोन ठिकाणी मोडला आहे. पोटात घाण पाणी गेलं, ताप चढला आहे. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला तर पायाचं बघू. उतरला तर म्हणाले. मी तो शब्द ऐकला.

तिची आई उशाशी होती. मला बघून उठून उभी राहिली. कालपर्यंत मला हे बरं वाटलं असतं. आज मी तिला खांदा धरून खाली बसवलं.

चष्मेवालीने डोळे किलकिले केले. म्हणाली, "बाई, पुढच्या गल्लीचा फोटो राहिला."

"गप पड," मी म्हटलं. दुसरं काही येतच नाही मला.

बाहेर व्हरांड्यात कारकून उभा. फळं घेऊन आला होता, पण आत जाईना. मला बाजूला घेतलं.

"उद्या साहेबांसमोर चौकशी आहे. मी मजकूर तयार केलाय. तुम्ही फक्त हो म्हणायचं. फळी तिने स्वतःहून टाकली. कुणाला न विचारता. संपलं."

"आणि तिच्या औषधपाण्याचं?"

"स्वतःची चूक असली की मिळत नाही. पण तुमची मुकादमकी राहते, टोळी राहते. बाई, एकीचं नुकसान की सातजणींचं?"

"आणि बायकांनी खरं सांगितलं तर?"

तो हसला. "तुमच्या बायका? तुमच्यासमोर?"

संध्याकाळी बायकांना गोळा केलं. म्हटलं, उद्या तुम्हाला बोलावलं तर काय सांगाल? मला वाटलं एखादी तरी भडकेल, एखादी तरी रडेल. एकामागून एक म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ते."

कारकुनाचं काम झालं होतं. मग माझ्या अंगावर काटा का आला?

हे जेवताना म्हणाले, "फळी परत आणणार होतीस ना?" मी ताटावरून उठले. त्यांना अजून काही माहीत नाही.

२५ फेब्रुवारी

चौकशी झाली. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

घरून निघाले ती हो म्हणायचं ठरवूनच. वाटेत दोनदा म्हणून पाहिलं. हो. हो साहेब. सोपं होतं.

साहेबांच्या खोलीत सगळे मुकादम भिंतीला लागून उभे. कारकुनाने वाचायला सुरुवात केली. "सदर कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे..." आणि माझं डोकं फिरलं. दुसरं काही नाही, तो शब्द. जी पोर रोज उभी राहून माणसं कडेने काढत होती, तिचा हलगर्जीपणा?

"कसला हलगर्जीपणा?" मी म्हटलं. "फळी माझ्या नवऱ्याची. टाकली मी. झाडू काढायला तुम्ही लावलात."

साहेब म्हणाले, "मी?"

"मग लाल गोल कुणी काढला?"

साहेबांनी फोन घेतला. बोट वर वर सरकवत राहिले. फोटो सापडला असणार, कारण बोट थांबलं.

"मला वाटलं कुणीतरी तुटका झाडू टाकून गेलंय."

"टाकलेला झाडू उभा राहतो का, साहेब?"

"मग सांगितलं का नाही कुणी?"

"अडचणी घेऊन येऊ नका म्हणालात."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. आता हा मला इथूनच घरी पाठवणार. पण साहेबांनी रुमाल काढला. कपाळ पुसलं. पंखा डोक्यावर असून घाम आला होता, म्हणजे फारच चिडले असणार. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "हो सर. नाही सर. नियंत्रणात आहे सर." आवाज एवढासा. एवढा मोठा साहेब फोनवर उभा राहून का बोलतो, कोण जाणे. मोठ्या लोकांची रीत असेल.

फोन ठेवून त्यांनी कारकुनाला बाहेर पाठवलं. मग मला विचारलं, "अशा फळ्या अजून कुठे आहेत?"

"एकच होती."

"नक्की?"

"माझ्या भागात मला माहीत नाही असं काही नाही."

"तुम्ही मला सांगितलं नव्हतंत," साहेब म्हणाले. "तुमच्या बायका तुम्हाला सगळं सांगतात?"

"सांगतात की. मी तोंडावर बोलणारी आहे, माझ्यापाशी आडपडदा नाही."

भिंतीपाशी एक मुकादम खोकला. दुसऱ्याने खाली बघितलं. मला आठवलं, काल बायका म्हणाल्या होत्या, तुम्ही सांगाल ते.

"बघते," मी म्हटलं. "विचारून बघते."

"लवकर बघा. ड्रेनेजच्या लोकांशी मी स्वतः बोलतो. तुमच्या मुकादमकीचं काय ते सोमवारी सांगेन." मग बाकीच्यांकडे वळले. "तुम्ही सगळेसुद्धा. गुणांचं नंतर बघू. आधी जागा सांगा." कुणीच हललं नाही.

२६ फेब्रुवारी

बायकांना विचारलं. शेडमध्ये सगळ्यांना बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "अजून कुठे फळी टाकली आहे का कुणी?"

कोणी बोललं नाही.

"मी रागावणार नाही."

आणखीच गप्प झाल्या. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरीने तिला कोपराने ढोसलं. मला दिसलं. म्हणजे आहे! कुठेतरी आहे!

"सांगा ना! माणूस मरेल!" मी ओरडले. आणि ओरडता ओरडता कळलं की आता दिवसभर काही निघणार नाही यांच्या तोंडून.

मग मीच काठी घेऊन निघाले. माझ्या भागातल्या गल्ल्यांत रस्ता ठोकत फिरले. ठक, ठक, ठक. लोक हसत होते. एक दुकानदार म्हणाला, "काय मुकादमबाई, खजिना पुरलाय का?" पुढे जाऊन वाटे, इथं आवाज बदलला का? मागे येऊन परत ठोकायची. शेवटी सगळाच रस्ता पोकळ वाटायला लागला. चालताना पाऊल टाकवेना. मी चालत होते तोच रस्ता, इतकी वर्षं झाडलेला, आणि मला त्याच्यावर पाय ठेवायची भीती.

एकही सापडली नाही. चांगलं झाकलंय. मीच शिकवलं.

चष्मेवालीचा ताप तसाच आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी शेडमध्ये हजेरी घेत होते. झोप झाली नव्हती. नावं घेते आहे आणि बायका माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघताहेत. मी घाबरून गेले, वाटलं रुग्णालयातून काही निरोप आला आहे आणि या सांगत नाहीत.

मावशी उठल्या. घसा साफ केला.

"बाई, तुम्ही जाकीट उलटं घातलंय."

मान खाली घालून पाहिलं. खरंच. चमकणारे पट्टे आत, शिवणी बाहेर. शिंप्याची बायको आणि भर रस्त्यातून तशीच आले होते. सगळ्या श्वास रोखून बसल्या. मावशींनी डोळे मिटले होते, थप्पड येणार असल्यासारखे.

जिभेवर आलं होतं. काय आलं होतं ते लिहीत नाही. गिळलं. जाकीट काढलं, सुलटं केलं, घातलं.

"बरं झालं सांगितलंत," मी म्हटलं. "अजून काय?"

मग मी बोललेच नाही. लिहायला सोपं आहे, पण गप्प बसणं म्हणजे काय काम असतं ते आज कळलं. तोंड उघडू नये म्हणून जीभ दातांत धरली होती.

पहिल्यांदा एकजण म्हणाली, शेडच्या नळाशी विजेचा झटका बसतो. दुसरी म्हणाली, हातगाडीचं चाक निघतंय, उतारावर भीती वाटते. मग तिसरी, आणि मग धरबंधच राहिला नाही, एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्यावर चढायला लागलं. बेकरीसमोर एक फळी आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला एक आहे, तिथं पत्रा टाकलाय. "तुम्ही दवाखान्यापाशी केलं ना बाई, म्हटलं तसंच केलं की गुण मिळतील." मी ऐकत होते आणि बोटांवर मोजत होते. शाळेची मागची भिंत! काल मी तिथून ठोकत गेले होते.

"अजून?"

मावशी म्हणाल्या, "एक आहे. सांगू का नको असं झालंय."

"सांगा."

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी. तुमच्या घरच्यांची फळी आणलीत ना तुम्ही, त्याच दिवशी तिथलं झाकण गेलं. तुम्ही आधीच चिडला होता. आम्ही दाराचा एक तुकडा टाकला वर. तुमच्याच गल्लीतून गुण कमी नकोत म्हणून."

एवढे दिवस मी त्यावरून रोज दोनदा जाते आहे. आणि हे रोज शिवलेले कपडे पोचवायला जातात तिथूनच. मोठा गठ्ठा पोटाशी धरून. पायाखालचं त्यांना दिसत नाही.

बेकरीला दोघी पाठवल्या, शाळेला दोघी, दवाखान्याला एक. म्हटलं, उभ्या राहा, कोणाला जाऊ देऊ नका, फोटोचं मरू दे. साहेबांना फोन लावला. सगळ्या जागा सांगितल्या. ते म्हणाले, "सगळ्या तुमच्याच भागात?" म्हटलं, "सगळ्या माझ्याच." ते म्हणाले, "गाडी पाठवतो, तोवर थांबवा लोकांना." आणि मी पळत सुटले. या वयात, पालिकेच्या बुटांत.

पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रस्ता नेहमीसारखा. सपाट. स्वच्छ. पायाने जपून चाचपलं, आवाज ऐकला, आणि फळीच्या अलीकडे हात पसरून उभी राहिले. एक स्कूटरवाला शिव्या घालून वळला. भाजीची पिशवी घेतलेली शेजारीण म्हणाली, "डोकं फिरलंय का हिचं?" मी म्हटलं, फिरलंय, भिंतीच्या कडेने जा.

आणि हे आले. गठ्ठ्यावर हनुवटी टेकलेली, नुसते डोळे वर.

"बाजूला हो. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"नाही."

"अगं, काय आहे तिथं?"

"खड्डा आहे."

त्यांनी गठ्ठा जरा बाजूला करून माझ्यामागे रस्ता पाहिला. नीट वाकून पाहिला. "मला तर काही दिसत नाही."

"म्हणूनच उभी आहे ना मी," मी म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं, भर रस्त्यात, हात पसरलेलेच ठेवून.